पारा सिस्टरांचा तक्ता

पारा सिस्टरांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते तिथेच राहिलं. बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांना सगळे पारा सिस्टर म्हणत, आणि त्याची कारणं दोन. एक, त्यांच्या कोटाच्या खिशात कायम काचेचा जुना थर्मामीटर असायचा. बटण दाबलं की पिपिप करणारे नवे थर्मामीटर येऊन कैक वर्षं झाली, तरी बाईंचा विश्वास आपल्या पाऱ्यावरच. दुसरं कारण त्यांचा स्वभाव. तो कधी चढेल याचा नेम नसे, आणि एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नसे. "आज पारा किती आहे गं?" असं आयाबाया दारातच एकमेकींना विचारून घेत आणि मग आत पाऊल टाकत.

वॉर्डात त्यांचा दरारा होता तो तक्त्यामुळे. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लटकलेला असतो, दर चार तासांनी त्यात आकडा भरायचा असतो. आता जगभर काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. टेबलाशी बसायचं, चहाचा घोट घ्यायचा, आणि अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार असं ओळीनं भरून मोकळं व्हायचं. पारा सिस्टर नव्या होत्या तेव्हा एका बाईचा तक्ता असाच दोन दिवस भरला गेला. कागदावर बाई ठणठणीत, आणि खाटेवर भट्टीसारखी तापलेली. ती गेली. तेव्हाच्या मेट्रनबाईंनी तो तक्ता सगळ्या पोरींच्या पुढ्यात आपटला. "हे या बाईचं तोंड आहे! ती बोलू शकत नाही तेव्हा हा कागद बोलतो. तुम्ही तिच्या तोंडी खोटं घातलंत!"

ते वाक्य बाईंच्या हाडात बसलं. एकतीस वर्षांत त्यांनी न मोजलेला आकडा लिहिला नाही, मोजलेला बदलला नाही. एकदा एका बड्या डॉक्टरांनी सहज म्हटलं, "सिस्टर, नव्व्याण्णव पूर्णांक आठ कशाला, गोल शंभर करून टाका की." बाई म्हणाल्या, "गोल करायला तो काय चेंडू आहे?" डॉक्टर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

घरी नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गल्लीच्या तोंडाशी चार हातांचं दुकान, डोळ्याला भिंग, समोर उघडी पडलेली घड्याळं. त्याला सगळे घड्याळजी म्हणत. बाई घरी आल्या की घड्याळजी चहा पुढे करत विचारायचे, "आज पारा किती?" बाई आकड्यातच उत्तर द्यायच्या. नव्व्याण्णव म्हणजे दिवस बरा गेला. एकशे दोन म्हणजे घड्याळजींनी गप्प बसायचं. एकशे चार म्हणजे भांडी पण घड्याळजींनीच घासायची. संसार असा आकड्यांवर सुखात चालला होता.

मग कायदा आला.

जुन्या कायद्यात एक साधी ओळ होती. डॉक्टरांच्या मते आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भ काढता येईल. नव्या कायद्यात बाकी सगळं पानंच्या पानं वाढलं, पण या ओळीतून दोन शब्द गेले: 'डॉक्टरांच्या मते'. त्यांच्या जागी आलं, 'वस्तुनिष्ठ नोंदींवरून सिद्ध होणारा तात्काळ धोका'. चुकलात तर डॉक्टरला दहा वर्षं तुरुंग आणि सनद कायमची जप्त. सभागृहात कोणी एक गृहस्थ टेबल बडवून म्हणाले, डॉक्टरांची मतं सोयीप्रमाणे बदलतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्या गृहस्थाला कुणी विचारलं नाही की बाबा, तू जन्मात एक तरी नाळ कापली आहेस का?

बाई टीव्हीसमोर भाजी निवडत होत्या. हातातली सुरी थांबली. "ऐकलंत का हो? यांना लोकांची मतं मिळाली, म्हणून यांनी डॉक्टरांचं मत काढून घेतलं."

"आज किती?" घड्याळजींनी हळूच विचारलं.

"फुटला," बाई म्हणाल्या.

आता 'तात्काळ' म्हणजे काय? ते कायद्यात नव्हतंच. कायदा करणाऱ्यांनी शब्द फेकला आणि घरी जाऊन जेवले. तो झेलायचं काम हॉस्पिटलच्या वकीलसाहेबांकडे आलं. हा गृहस्थ तळमजल्यावर काचेच्या खोलीत बसायचा, चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात कधी फिरकायचा नाही. त्यानं आठवड्याभरात एक पानाचं परिपत्रक काढलं, त्यावर प्लॅस्टिक चढवलं आणि हात धुण्याच्या बेसिनशेजारी लावून टाकलं. ताप एकशे एक किंवा वर, चार तासांच्या अंतरानं सलग दोन नोंदी. नाहीतर रक्तदाब अमक्याच्या खाली. यातलं काही असेल तर फॉर्म भरायचा, तिघांची समिती सही करणार, मगच ऑपरेशन थिएटर उघडणार. भूल देणारे डॉक्टर त्या सहीशिवाय सुईला हात लावणार नाहीत, असंही खाली बारीक अक्षरात होतं.

बाई तो कागद वाचून थेट तळमजल्यावर गेल्या.

"एकशे एकच का हो? शंभर पूर्णांक आठला काय बाई गार असते?"

"सिस्टर, कुठेतरी रेघ मारावीच लागते."

"मारा ना! पण बाईच्या अंगावर कशाला मारता?"

"हे बघा," वकीलसाहेब अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे मी डॉक्टरांच्याच भल्यासाठी केलंय. कोर्टात मत चालत नाही आता. कागद चालतो. आणि कागदाच्या बाबतीत तुमच्याइतकं चोख कोण आहे? तुमच्या तक्त्यावर तर मी डोळे मिटून विसंबतो."

बाईंना राग आला, पण खोटं कशाला सांगायचं, कुठेतरी बरंही वाटलं. एकतीस वर्षांत तळमजल्यावरून आलेलं ते पहिलं कौतुक होतं.

वॉर्डाच्या डॉक्टर म्हणजे मोठ्या मॅडम. बाईंच्याच वयाच्या, दोघींनी मिळून किती बायका ओढून परत आणल्या असतील त्याची गणती नाही. मॅडमचा एक शब्द होता. त्या बाईच्या पोटावर हात ठेवायच्या, नाडी बघायच्या, जरा नाक फुलवून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चला." बस्स. तेवढ्या एका शब्दावर ट्रॉली हलायची, थिएटरचे दिवे लागायचे, पारा सिस्टर हातमोजे चढवायला धावायच्या. ते 'चला' कधी चुकलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं. कायदा आल्यापासून मॅडम पोटावर हात ठेवायच्या, नाडी बघायच्या, आणि मग बेसिनशेजारच्या कागदाकडे बघायच्या. 'चला' म्हणायचंच बंद झालं.

अशात सात नंबरच्या खाटेवर काजेवाली आली.

शिंप्याच्या दुकानात काजे-बटणं करणारी बाई. पाचवा महिना लागत होता, आणि शिलाईमशीनच्या बाजूला बसल्या बसल्या पाणी गेलं. बाळ जगण्याच्या वयाचं नव्हतं, जगणारही नव्हतं, हे सोनोग्राफीवाल्यापासून मॅडमपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पण बाळाच्या काळजाचा ठोका चालू होता, म्हणजे कायदा आडवा. काजेवालीला ते मूल हवं होतं हो. पहिल्या दिवशी ती उशीत तोंड खुपसून रडली. संध्याकाळी डोळे पुसून तिनं मॅडमना विचारलं, "ते राहणार नाही ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग मला मोकळं करा. माझी एक घरी आहे, सहा वर्षांची. तिला माझ्याशिवाय कुणी वेणी घातलेली चालत नाही."

आतल्या पाण्याची पिशवी फुटलेली, जंतू शिरायला दार सताड उघडं. आज ना उद्या बाई तापणार, हे कळायला काय ज्योतिषी लागतो? हातच्या काकणाला आरसा कशाला? पण कायद्याला आरसाच हवा होता. अँटिबायोटिक सुरू केलं आणि बाई तापायची वाट बघत सगळे बसले. नीट ऐका: हॉस्पिटल, डॉक्टर, सिस्टर, सगळे एक धडधाकट बाई मरणाच्या दारापर्यंत जायची वाट बघत बसले. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असला हा कायदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पारा सिस्टरांनी स्वतः ताप मोजला. एकशे एक पूर्णांक दोन. तक्त्यात लिहिलं. मॅडमनी आकडा बघितला आणि फॉर्म काढला. अर्धा भरून ठेवला. बाराला दुसरी नोंद आली की समितीकडे धाडायचा.

काजेवालीची नजर बाईंच्या कोटावर होती. "सिस्टर, तुमचं दुसरं बटण लोंबतंय. माझ्या डोळ्यांना बघवत नाही ते. द्या इकडे."

"अगं, ताप आहे तुला, गप पड."

"हाताला थोडाच आहे?" तिनं उशाच्या पिशवीतून सुई-दोरा काढला, आणि पडल्या पडल्या चार टाके घालून, दोऱ्याचा गळा आवळून दातानं तोडला. "आता कोट फाटेल, पण बटण निघायचं नाही."

साडेनऊला तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, खाट वाजायला लागली. "सिस्टर, डोकं फुटतंय, काहीतरी करा." आणि पारा सिस्टरांनी केलं. एकतीस वर्षं जे केलं तेच. खण उघडला, तापाची गोळी काढली, तिची मान उचलून पाण्याबरोबर दिली. ओल्या फडक्यानं कपाळ, काखा, पाय पुसले. ताप आला की उतरवायचा, यात विचार कसला करायचा? हात आपोआप चालतात. थोड्या वेळानं काजेवाली शांत झाली. म्हणाली, "बरं वाटलं हो सिस्टर. आईनं पुसल्यासारखं." आणि तिला डोळा लागला.

बाराला बाईंनी थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव पूर्णांक सहा.

बाईंनी तो उजेडाकडे धरून दोनदा वाचला. आणि तेव्हा, तेव्हा कुठे, त्यांच्या डोक्यात ते प्लॅस्टिक चढवलेलं पान उलगडलं. सलग दोन नोंदी. पण हातात पेन होतं, समोर तक्ता होता, आणि पारा सिस्टर होत्या त्या. त्यांनी लिहिलं, नव्व्याण्णव पूर्णांक सहा.

मॅडम फॉर्म घेऊन आल्या. तक्ता बघितला. "सिस्टर, गोळी दिलीत?"

बाईंनी मान हलवली. मॅडमनी नाडी बघितली, एकशे तीस. पांघरूण उचललं आणि लगेच खाली टाकलं. वास साऱ्या खोलीत झाला होता. त्यांनी खाली फोन लावला, आवाज चढवला, आणि कधी नव्हे ते वकीलसाहेब चौथ्या मजल्यावर आले. दारातच थांबले. एका हातानं रुमाल नाकाला लावला, दुसऱ्या हातानं तक्ता धरला.

"ताप तर उतरलाय की. सुधारणा दिसतेय."

"सुधारणा? डोंबल!" पारा सिस्टर कडाडल्या. "ताप गोळीनं उतरलाय. आतून सडतेय ती. सुधारणा आहे तर नाकाला रुमाल कशाला लावलात?"

"सिस्टर, वासाचा रकाना नाही," वकीलसाहेब म्हणाले. गंमत नव्हते करत. खरंच नव्हता रकाना. फॉर्म परत आला तेव्हा त्यावर शिक्का होता: 'प्रकृतीत सुधारणा. निरीक्षण सुरू ठेवावे.'

ड्यूटीरूममध्ये मॅडमनी दार लोटलं. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "सिस्टर... बाराची नोंद. पुन्हा एकदा मोजाल का?"

त्या काय म्हणत होत्या ते बाईंना चोख कळलं. शहाण्याला शब्दाचा मार. बाई गेल्या, पुन्हा थर्मामीटर लावला, पुन्हा तोच आकडा. एक रेघ मारायची, वर दुसरा आकडा लिहायचा, कोपऱ्यात सही करायची. जगातल्या कुठल्याही वॉर्डात रोज होतं. बाई परत आल्या.

"नव्व्याण्णव पूर्णांक सहाच आहे मॅडम. माझ्या तक्त्यात खोटं जाणार नाही. तुम्ही करा ना सही! तुम्हाला दिसतंय ना? तुमचं मत आहे ना?"

"माझं मत काढून टाकलंय, सिस्टर."

अशा त्या दोघी उभ्या राहिल्या. एकीला तुरुंगाची भीती, दुसरीला आपल्या खरेपणाचा माज. आणि भिंतीपलीकडे काजेवाली झोपेत कण्हत होती. आता मी कुणाला काय बोलू? दोघींनाही चार शब्द सुनवावेत असं वाटतं, आणि मग आठवतं की या दोघींना या खोलीत कोंडणारे भलतेच कुणी होते, आणि ते त्या वेळी जेवणानंतर वामकुक्षी घेत असतील.

चारला ताप एकशे दोन पूर्णांक चार. म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाईंची ड्यूटी दोनलाच संपली होती, त्या हलल्या नाहीत. आठला एकशे तीन पूर्णांक सहा, रक्तदाब लागेना. मग मात्र कशी भराभर चक्रं फिरली! दहा मिनिटांत तिन्ही सह्या, थिएटर उघडं, भूलवाले हजर. वरातीमागून घोडं. काजेवाली दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेली.

तिचा नवरा बसवर ड्रायव्हर होता. कामावरच्याच कपड्यांत धावत आलेला, खांद्यावरची पट्टी निसटून लोंबत होती. तो पारा सिस्टरांपुढे येऊन उभा राहिला. "काल दुपारी फोनवर सांगितलं, ताप उतरलाय, सुधारणा आहे. मग एकाएकी काय झालं हो?"

"ताप उतरला नव्हता," बाई म्हणाल्या. "मी उतरवला होता. मी गोळी दिली."

त्याला काहीच कळलं नाही. त्यानं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "मग चांगलंच केलंत ना सिस्टर. तेवढं तरी तिला बरं वाटलं असेल. तेवढं तरी कुणीतरी बघितलं तिच्याकडे."

यापेक्षा त्यानं एक थोबाडीत मारली असती तर बाईंना सोसली असती.

चौकशी झाली, रीतसर. तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत, पाण्याच्या बाटल्या मांडून. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. फॉर्म वेळेवर, शिक्के वेळेवर, सह्या दहा मिनिटांत. आणि तक्ता? तक्ता म्हणजे काय, आदर्श! अशा नोंदी सगळ्या वॉर्डांनी ठेवाव्यात म्हणून पारा सिस्टरांना प्रशस्तिपत्र देण्यात आलं.

"त्यात लिहा," बाई म्हणाल्या, "की साडेनऊला मी गोळी दिली, म्हणून आकडा खाली आला, म्हणून बाई मेली."

"ते या चौकशीच्या कक्षेत येत नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"मग कक्षेत येतं तरी काय? मेलेली बाई येते की नाही?"

चौकशीची फाइल बंद झाली. पण वकीलसाहेब धडा शिकले, नाही असं नाही. आठवड्यानं बेसिनशेजारी दुसरा कागद लागला, त्यालाही प्लॅस्टिक. 'अशा रुग्णांना दोन नोंदी पूर्ण होईपर्यंत ताप उतरवणारी गोळी देऊ नये. ओल्या फडक्याने पुसू नये.' रोग रेड्याला, औषध पखालीला! बाईनं तापायचं, आपण खाटेशी उभं राहून बघायचं, आणि आकडा पिकला की तोडायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्यांचं काही जळत नाही त्यांना परिपत्रकं काढता येतात.

त्या दिवशी घड्याळजींनी चहा पुढे केला आणि विचारलं, "किती?" बाईंनी आकडा सांगितला नाही. सगळं सांगितलं. गोळी, तक्ता, ड्रायव्हरनं धरलेला हात. घड्याळजींनी भिंग कपाळावर सरकवलं.

"माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात," ते म्हणाले. "घड्याळ चांगलं चालू असतं. म्हणतात, दहा मिनिटं पुढे करून द्या, म्हणजे उशीर होत नाही. मी देतो करून. घड्याळ खोटी वेळ दाखवतं, पण माणूस वेळेवर पोचतो."

"घड्याळाचं ठीक आहे हो," बाई तिडकीनं म्हणाल्या. "घड्याळ काही कुणाचं तोंड नाही."

महिना गेला. मग सात नंबरच्याच खाटेवर एक आली, टपाल वाटणारी. पायांना नुसत्या भिंगऱ्या, पडून राहायला तयार नाही. तेच दुखणं, तेच फुटलेलं पाणी, तोच चालू ठोका. मॅडमनी नाडी बघितली, वास घेतला, कागदाकडे बघितलं, आणि निघून गेल्या.

सकाळी आठला ताप शंभर पूर्णांक चार. टपालवाली कुडकुडत होती. वॉर्डात दुसऱ्या एक सिस्टर होत्या, वीस वर्षांच्या जुन्या, सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या, म्हणून गोड सिस्टर. त्या पाण्याची वाटी आणि फडकं घेऊन उभ्या होत्या, आणि दोन्ही कागदांकडे बघून रडकुंडीला आल्या होत्या. "काय करू हो? पुसू की नको?"

पारा सिस्टरांनी त्यांच्या हातातून फडकं घेतलं. खण उघडला, गोळी काढली, मान उचलून पाण्याबरोबर दिली. कपाळ पुसलं, काखा पुसल्या, पाय पुसले, अगदी सावकाश. मग तक्ता मांडीवर घेतला. कोटाच्या दुसऱ्या बटणाला त्यांचा हात लागला. ते घट्ट होतं. त्यांनी लिहिलं: एकशे एक पूर्णांक चार.

बाराला टपालवाली उशीला टेकून बसली होती. "सिस्टर, चहा मिळेल का?" म्हणत होती. पाऱ्यानं अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ दाखवले. बाईंनी लिहिलं: एकशे एक पूर्णांक आठ.

"अहो सिस्टर," गोड सिस्टर कुजबुजल्या, "आत्ताच मी पण हात लावून बघितला. गार आहे ती."

"बघितलात? मग विसरा. आणि ऐका. आजपासून या तक्त्यांवर मोजायचं सगळ्यांनी, लिहायचं फक्त मी. खोटं एकाच अक्षरात असलेलं बरं. न्यायचं झालं तर एकटीलाच नेतील."

मॅडम फॉर्म घेऊन आल्या. त्यांनी टपालवालीच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग तक्ता वाचला. मग पुन्हा कपाळ. मग त्यांनी पारा सिस्टरांकडे बघितलं, आणि पारा सिस्टरांनी नजर खाली घेतली नाही. मॅडमनी खिशातून पेन काढून फॉर्मवर आकडे उतरवले, एक एक करून, आणि सही केली. तळमजल्यावर वकीलसाहेब तक्त्यावर डोळे मिटून विसंबले.

"चला," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी बाई घरी आल्या, चपला काढून दारातच बसल्या. घड्याळजींनी चहा पुढे केला. या वेळी त्यांनी किती ते विचारलं नाही.

"वेळेवर पोचली का?"

"पोचली. दोन दिवसांत घरी जाईल." बाईंनी कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. "पण एकतीस वर्षांनी खोटारडी केलं हो मला त्यांनी. गार बाईच्या तोंडी ताप घातला मी. माझ्या हातानं."

घड्याळजी शेजारी येऊन बसले. बाई रडत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या, आणि कायदा करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. चहा गार झाला तेव्हा कुठे त्या थांबल्या.

"उद्या दुसऱ्या दवाखान्यातून आणखी एक यायचीय," त्या म्हणाल्या. "उद्या परत लिहीन."